अहो, कशाला उगाच!

मराठी माणसाला गोंधळवायचं असेल तर त्याच्याशी भांडू नये. भांडणाची त्याची तयारी असते. त्याचं तोंडावर कौतुक करावं. त्याची नजर आधी पंख्याकडे जाते, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि मग तो स्वतःच्याच शर्टाविरुद्ध साक्ष द्यायला लागतो.

"शर्ट छान आहे हो!"

"छे, जुना आहे. मुलाचा. त्याला आखूड झाला म्हणून मी घालतो. शिवाय इथे बघा, डाग पडलाय."

डाग कुणालाही दिसलेला नसतो. तो काखेखाली असतो आणि दाखवायचा तर हात वर करावा लागतो. तो करतो. भर रिसेप्शनमध्ये करतो.

साड्यांच्या बाबतीत हेच काम जास्त पद्धतशीर चालतं. "काय सुंदर साडी आहे गं!" यावर पहिलं उत्तर "जुनीच आहे". समोरची तरीही हटली नाही तर "सेलमध्ये घेतली". तेवढ्यानेही भागलं नाही तर किंमत, न विचारता आणि खऱ्या किमतीपेक्षा कमी. (नवऱ्याला सांगितलेली किंमत याहूनही कमी असते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) एका लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या पैठणीचं कुणीतरी मनापासून कौतुक केलं. बाई चटकन म्हणाल्या, "खरी नाहीये हो, सेमी आहे." पैठणी अस्सल होती. पलीकडे बसलेल्या त्यांच्या यजमानांचा चेहरा पाहिला असता तर कुणालाही कळलं असतं. येवल्याला जाऊन रोख पैसे मोजून आलेला माणूस "सेमी" हा शब्द ऐकून जसा दिसेल, तसे ते दिसत होते.

जेवणाच्या पानावर हा खेळ जरा जोखमीचा होतो. "आमटी काय झालीय!" म्हटलं की वाढणारी म्हणणार, "आज गूळच जास्त पडला." मग सगळी पंगत आमटीत गूळ शोधायला लागते. इथे एखादा सरळमार्गी पाहुणा "हो, जरा जास्तच झालाय" असं बोलून जातो. त्याला त्या घरी पुन्हा जेवायला बोलावल्याचं ऐकिवात नाही. स्वतःच्या आमटीची निंदा करण्याचा हक्क फक्त ती करणारीचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

याला आपण नम्रता म्हणतो. मला मात्र यात आजीच्या हातची मीठमोहरी दिसते. बाळ जन्मलं की त्याच्या गालाला काळी तीट लागते. कुणी म्हणालं, "कसं गुटगुटीत आहे!" की आई म्हणणार, "कुठलं हो, दोन दिवस धड पीत नाहीये." तरीही धोका नको म्हणून तिन्हीसांजेला मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट फार मोठी होती, आणि ठसका आला तर मिरच्या चांगल्या होत्या. दोन्हीकडून आजी बरोबर. हे बाळ पन्नास वर्षांचं होतं, बँकेत त्याला बढती मिळते, लोक हात मिळवायला येतात आणि ते म्हणतं, "नशीब हो. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला केलं." ही तीटच. फक्त आता ती स्वतःची स्वतः लावून घ्यावी लागते.

या सगळ्याची सार्वजनिक आवृत्ती म्हणजे सत्कार. निवृत्त होणाऱ्या माणसाला मे महिन्यात, दुपारी, शर्टावर शाल पांघरतात, हातात नारळ देतात आणि समोर खुर्चीत बसवून पाच-सहा जण त्याच्याबद्दल बरं बोलतात. ज्याने वर्षानुवर्षं त्याची रजा नामंजूर केली, तोही बोलतो. सत्कारमूर्ती तेवढा वेळ टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत असतो. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण तोंडपाठ असलेली माणसं मला भेटली आहेत. सगळी सत्कार झालेली होती. उत्तराला उभं राहिल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मी या सत्काराला पात्र नाही." त्यानंतर आपण कशाकशाला पात्र नाही, ते तो नोकरीला लागल्याच्या तारखेपासून क्रमवार पाऊण तास सांगतो. नारळाचा घरी नारळीभात होतो. शाल कपाटात जाते आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर अवतरते. काही शाली माझ्या पाहण्यात आहेत, त्यांचे स्वतःचेच सत्कार व्हायला हवेत, इतकी त्यांची सार्वजनिक सेवा झाली आहे.

कौतुक निदान हवेत विरून जातं. वस्तू विरत नाही, म्हणून भेटवस्तूंचा प्रश्न जास्त बिकट. पूर्वी लग्नात स्टीलची भांडी देत आणि त्यांवर नाव घालून देत. भांड्यांच्या दुकानात एक पोरगा ते घर्रघर्र करणारं यंत्र घेऊन बसलेला असे आणि पातेल्याच्या काठावर "चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ तमुक यांजकडून" असं तारखेसह कोरून देई. लोकांना वाटायचं ती प्रेमाची खूण. खरं म्हणजे ते पातेलं पुढे सरकवता येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त होता. नाव नसलेल्या वस्तूंचं काय होतं ते ब्लाउजपीसला विचारा. हळदीकुंकवाला ओटीत पडलेला ब्लाउजपीस सहसा शिवला जात नाही, तो फिरतो. त्याची घडी मोडलेली कुणी पाहिलेली नसते. एखादा हिरवा ब्लाउजपीस दोन-चार संक्रांतींनी पुन्हा मूळ घरी परततो तेव्हा घरधनीण त्याला ओळखते, पण ओळख दाखवत नाही.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. नुसती भेट अशी जगात नसतेच, असं त्याचं म्हणणं. देणं बंधनकारक, घेणंही बंधनकारक आणि परतफेड तर बंधनकारकच. त्यासाठी त्याने पॉलिनेशियातल्या बेटांपासून उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापर्यंतचे दाखले जमवले. त्या किनाऱ्यावरच्या जमातींत पॉटलॅच नावाचा सोहळा असे. त्यात सरदार मंडळी प्रतिस्पर्ध्यावर भेटींचा एवढा मारा करत, की परतफेड करता करता तो जेरीला यावा. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ या काळात त्यावर बंदी घातली होती. आमच्याकडे त्याला मानपान म्हणतात आणि त्यावर बंदी घालण्याची अजून कुणाची छाती झालेली नाही.

मॉसने ग्रंथ चाळून जे सिद्ध केलं ते माझ्या आत्याच्या आहेराच्या वहीत आधीपासून लिहिलेलं आहे. नाव, गाव, रक्कम. कुणाच्या घरचं कार्य आलं की वही निघते. "त्यांनी आपल्याला तेव्हा एकशे एक दिले होते." इथवर ठीक. पण तेव्हाचे एकशे एक म्हणजे आत्ताचे किती, यावर घरात जी चर्चा होते ती रिझर्व्ह बँकेने ऐकण्यासारखी असते. आत्या महागाईचा हिशेब सोन्याच्या भावावर करते, काका पेट्रोलच्या. शेवटी पाकिटात पाचशे एक जातात. वरचा रुपया पाकिटावरच चिकटवलेला असतो, त्यामुळे त्या एका रुपयाबद्दल कधी मतभेद होत नाहीत.

हल्ली पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापतात. वाचायला सुटसुटीत वाटतं, पण या चार शब्दांनी मराठी पाहुण्याची झोप उडवली आहे. खरंच आणू नये, की आणू नये असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलंय? अनुभवी माणूस पाकीट खिशात ठेवून जातो. स्टेजपुढच्या रांगेत तो जाणूनबुजून मागे राहतो आणि पुढच्यांच्या हातांवर नजर ठेवतो. पुढच्यानेही तेच ठरवलेलं असतं. अशी सगळी रांग एकमेकांच्या खिशांकडे बघत पुढे सरकत असते, आणि एखाद्या काकांचा हात नुसता रुमालासाठी खिशात गेला तरी मागे सात-आठ पाकिटं अर्धी बाहेर येतात.

शेजारच्या डब्याचं शास्त्र आहेराहूनही कडक. डबा रिकामा परत करायचा नसतो. शेजारणीने प्रेमाने सांडगी मिरच्या दिल्या, आपण खाल्ल्या, आणि आता तो डबा ओट्यावर बसून आपल्याकडे बघतोय. त्यात काय घालायचं? साखर घातली तर आळस दिसतो, चिवडा घातला तर तो त्यांच्याइतका जमला पाहिजे. होता होता महिना जातो. मग एक दिवस जिन्यात काकू भेटतात आणि अगदी सहज म्हणतात, "डब्याची घाई नाही हं." याचा अर्थ घाई आहे. त्या रात्री घरी बेसनाचे लाडू होतात. लाडू गेले की आठ दिवसांनी काकूंचा डबा पुन्हा येतो, कारण आता ऋण त्यांच्यावर असतं. दोन्ही घरांतल्या साखरेच्या गोळ्या वाढत चालल्या आहेत, पण माघार कोण घेणार?

हॉटेलच्या बिलावरून होणाऱ्या मारामाऱ्या मी वाढवून सांगत नाही. सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दोन पोक्त माणसं गल्ल्यापुढे एकमेकांची मनगटं धरून उभी असतात, आणि मालक या झटापटीत कुणाची नोट घ्यावी ते ठरवत असतो. यूपीआय आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. उलट आता शर्यत लागते. "हात धुऊन येतो" म्हणून उठलेला माणूस हात धुवायला जातच नाही, हे सगळ्यांना कळल्यामुळे हल्ली तिघेचौघे एकदम हात धुवायला उठतात. जिंकलेल्याच्या विजयाची घोषणा गल्ल्यावरचा डबा मोठ्या आवाजात करतो. हरलेला तिथेच गूगल पे उघडून "माझे एकशे सदतीस पन्नास पाठवलेत" म्हणतो, आणि ज्याने जेवू घातलं त्याच्या तोंडावरचा आनंद त्या पन्नास पैशांसह परत करून टाकतो.

मदतीची तऱ्हा अशीच. एसटी स्टँडवर कुणी तरुण मुलाने म्हातारबांच्या बॅगेला हात लावला की ते बॅग छातीशी धरतात. आधी चोर समजून आणि नंतर, तो चोर नाही हे कळल्यावर, जास्तच घट्ट. आजारी माणसाला सगळी इमारत सांगून जाते, "काही लागलं तर कळवा हं." तो म्हणतो, "हो हो, नक्की." रात्री औषध लागतं तेव्हा तो शेजारचं दार वाजवत नाही, अॅपवरून मागवतो. कुठल्या तरी पोराने भर पावसात तीन मैलांवरून स्कूटर मारत औषध आणलेलं चालतं, कारण त्याचे पैसे दिले की विषय संपतो. शेजारच्या सदाभाऊंनी खालच्या दुकानातून आणलं असतं तर विषय पुढे कैक वर्षं चालला असता. सदाभाऊ तर जागेच होते. त्यांनी खिडकीतून ती स्कूटर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता.

मला वाटतं, सगळी गोम हाताच्या जागेत आहे. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. आपल्याला हात वर ठेवण्याची इतकी सवय आहे, की खाली आणताना तो आखडतो. "नको, नको" म्हणण्यात नम्रता असेल थोडी, पण त्याहून जास्त आहे ती मिजास. आपलं ओझं कुणावर नको असं म्हणत आपण दुसऱ्याला साधा उपकारही करू देत नाही. यात आपण एकटे नाही. ब्राह्मणाचं सोंग घेऊन कर्णाची कवचकुंडलं मागायला आलेला इंद्र आठवा. देवांचा राजा, फसवून घ्यायला आलेला. पण फुकट घेणं त्यालाही जमलं नाही. जाताना वासवी शक्ती देऊन गेला. स्वर्गातही रिकामा डबा परत जात नाही.

शिवाय आदर्श म्हणून आपल्यापुढे ठेवले गेले ते बहुतेक न घेणारे. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत पाठवला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तुकोबांना ते शोभलं. आपण मात्र शेजारणीची वाटीभर उसळ "आत्ताच जेवणं झाली हो" म्हणून परत करतो आणि आपल्याला इंद्रायणीकाठी पोचल्यासारखं वाटतं. सुदाम्याच्या गोष्टीतही आपण पाहतो तो सुदाम्याचा संकोच. त्याच्या बायकोने शेजारपाजारून मागून आणलेले चार मुठी पोहे तो द्वारकेच्या महालात बगलेत लपवून बसला होता, हे अगदी आपल्यातलं. पण त्या गोष्टीतली खरी कमाल कृष्णाची. तो "अरे, कशाला त्रास घेतलास" म्हणाला नाही. "वहिनींना उगाच काम" म्हणाला नाही. त्याने पुरचुंडी ओढून घेतली आणि मूठभर तोंडात टाकली. दुसऱ्या मुठीला रुक्मिणीला हात धरावा लागला. घेणारा असा असला की देणाऱ्याची मान तिथल्या तिथे वर होते. परतफेड त्यानेही केली, पण सुदामा घरी पोचायच्या आत, त्याच्या मागे. समोर केली असती तर दोघांची झटापट द्वारकेच्या वेशीपर्यंत गेली असती.

आणि गंमत म्हणजे घेणं आपल्या जुन्या माणसांना चांगलं येत होतं. शिकायला पुण्यात आलेली कितीतरी गरीब मुलं वार लावून जेवली. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ज्या वाराला घर मिळालं नाही त्या वारी उपास. काहींनी माधुकरी मागितली. म्हातारपणी हे सांगताना त्यांच्या आवाजात लाज नसे, चव असे. "गुरुवारच्या घरची आमटी! तशी पुन्हा मिळाली नाही." त्यांनी गूळ जास्त पडलाय का ते पाहिलं नाही. त्यांचीच नातवंडं आज कुणाकडे गेली की अर्धा कप चहालाही तीनदा नाही म्हणतात आणि चौथ्या खेपेला "बरं, अगदी घोटभर" म्हणून बिस्किटांसकट पूर्ण कप घेतात.

सार्वजनिक कामासाठी मागताना तर आपण कधीच लाजलो नाही. माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढत. त्याचं नावच मुष्टिफंड. धोंडो केशव कर्वे तर आण्यादोन आण्यांची वर्गणीही त्याच आदराने घेत, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले तेही त्यांनी घेतले. अट होती आईचं नाव देण्याची, म्हणून आजही ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. म्हणजे यांजकडून असं नाव कोरून घेतलेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं भांडं. कर्वे "अहो, एवढं कशाला" म्हणाले असते तर कित्येक मुलींची पदवी त्या एका वाक्यात अडकली असती.

पण ही थोरामोठ्यांची उदाहरणं झाली. घेण्याची कला बघायची असेल तर आषाढी वारीच्या दिवसांत पुण्यात पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत चक्कर मारावी. रस्त्याच्या कडेला कुणी पोहे वाटतंय, कुणी केळी, कुणी प्लॅस्टिकचे रेनकोट. न्हाव्यांनी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि फुकट दाढ्या चाललेल्या असतात. चांभार चपला शिवून देतात. तेल लावून पाय चोळून देणारे तर एका ओळीत बसलेले. वारकरी येतो, "माउली" म्हणतो आणि पाय पुढे करतो. तेल संपल्यावर चोळणाराच त्याच्या पाया पडतो. वारकरी ते निमूट पडू देतो. पंख्याकडे बघत नाही, रस्त्यावर पंखा नसतो हे खरं, पण असता तरी पाहिलं नसतं.

आमच्या डबेवाल्या काकू दरवर्षी तिथे राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभ्या राहतात. मागच्या खेपेला मी पिशवी धरायला सोबत होतो. (पिशवी मला धरू द्यायची की नाही यावर आधी जिन्यात बरीच रस्सीखेच झाली.) एक आजी आल्या, डोक्यावर तुळस, पायांत कुठलंसं एक स्लीपर निळं, एक हिरवं. त्यांनी लाडू घेतला, मैत्रिणीसाठी आणखी एक मागून घेतला, लाडू दाबून पाहिला आणि "बरा झालाय" असं प्रमाणपत्र दिलं. काकूंनी सवयीने "पाक जरा..." असं सुरू केलं होतं, पण आजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, मूठभर फुटाणे काढले आणि काकूंच्या हातावर ठेवायला लागल्या.

काकूंचा हात मागे. "अहो आजी, मला कशाला? तुम्हांला राहू देत की वाटेत."

"घे गं."

"नको खरंच. आत्ताच फराळ झालाय."

मग काकूंनी घाईघाईने पर्स उघडली आणि वीसची नोट काढली. आजींनी नोटेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मागे सरकलेला तो हात मनगटाला धरून पुढे ओढला आणि त्यात फुटाणे ओतले.

"इकायला बसलीय व्हय मी? खा गुमान."

आणि आजी दिंडी गाठायला निघूनही गेल्या. काकूंच्या एका हातात वीसची नोट होती, दुसऱ्यात फुटाणे, आणि परत करायला डबाही नव्हता. शेवटी त्यांनी खाल्ले. मलाही चार दिले, मी "नको" म्हणायच्या आत. घरी येताना त्या बराच वेळ गप्प होत्या. मग रास्ता पेठेच्या चौकात थांबून म्हणाल्या, "मऊ पडले होते जरा."